असाध्य म्हणण्याचे धैर्य

इसवी सनापूर्वी 581 मध्ये चीनमधील जिन राज्याचा अधिपती जिंग मरणोन्मुख असता, परराज्यातून बोलावलेला वैद्य येऊन पोहोचण्यापूर्वीच, त्याचा रोग दोन बालकांच्या रूपाने त्याच्या स्वप्नात आला आणि या निष्णात वैद्याच्या तडाख्यातून सुटण्यासाठी हृदयाखाली, मध्यपटलाच्या वर दडून बसण्याची मसलत त्या दोघांनी केली, अशी कथा ‘झुओच्वान’ या प्राचीन इतिहासग्रंथात नमूद आहे. तेथे सुई पोहोचत नाही आणि औषधाचीही मात्रा चालत नाही, असे वैद्याने परीक्षेअंती निःसंकोच सांगितले. आणि नवा गहू तुझ्या मुखी लागणार नाही, असे भाकीत करणाऱ्या मांत्रिकाचा ज्याने वध करविला, त्याच राजाने या वैद्याची मात्र भरघोस बिदागीसह सन्मानपूर्वक रवानगी केली.

त्या दुर्गम स्थानाचे ‘गाओहुआंग’ हे नाव पुढे पाठीवरील एका बिंदूस मिळाले. चौथ्या वक्षीय मणक्याच्या खालच्या कडेपासून रुग्णाच्याच जुळवलेल्या चार बोटांइतक्या अंतरावर, फऱ्याच्या हाडाच्या आतील कडेशी तो असून, हात पुढे घेऊन ते हाड बाजूस सारल्यावाचून तो नीट सापडत नाही. सातव्या शतकातील सुन सिमियाओ या वैद्याने, हा बिंदू न गवसलेल्या पूर्वसूरींना अकुशल ठरवून, तेथे दवण्याच्या कुळातील वनस्पतीच्या कुटलेल्या पानांचा शेक देण्याची महती गायिली. आणि 1128 मध्ये च्वांग च्वो याने या एका बिंदूवर स्वतंत्र ग्रंथच रचला.

माझा कौल मात्र त्या पहिल्या वैद्याच्या बाजूने आहे. या बिंदूखाली, बरगड्यांच्या आत, फुप्फुस आहे. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरून प्राणावर बेतू शकते, म्हणून ती तिरपी व उथळच घालावी लागते. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु सनद भिंतीवर टांगल्याने हात सावध होत नाही, की असाध्य व्याधीपुढे जीभ प्रामाणिक होत नाही. तेव्हा वाचकांनी पाठ उघडी करण्यापूर्वी चिकित्सकाची नोंदणी पाहावी, त्याला शरीररचनेचे ज्ञान कितपत आहे ते विचारावे, आणि जो सर्वच रोग बरे करण्याची हमी देतो त्याचा उंबरठा पुन्हा ओलांडू नये.