हात सोडलेली गाडी आणि पगारी ड्रायव्हर

आमच्या वस्तीतील बरीच तरुण मुले आज दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर आहेत. गिरण्या गेल्या, कायम नोकऱ्या आटल्या, तेव्हा एका लायसन्सने कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. म्हणून मोटारीतील नव्या यंत्राचा विषय या सदरात घेतला तर वाचकांनी नवल मानू नये. गाडी मालकाची असते, पण स्टिअरिंगमागे बसलेला मुलगा आपला असतो.

हल्लीच्या बऱ्याच नव्या गाड्यांत ‘ॲडास’ नावाची सोय असते. काचेमागे कॅमेरा, पुढे बंपरपाशी रडार. पुढच्या गाडीपासून अंतर राखणे, दोन पट्ट्यांच्या मधोमध गाडी ठेवणे, वेळ पडल्यास ब्रेक मारणे ही कामे यंत्र करते. अमेरिका याच्याही पुढे गेली. तेथे जनरल मोटर्सने 2017 साली आणि फोर्डने 2021 साली अशी सोय आणली की, आधी नकाशात नोंदवून ठेवलेल्या महामार्गावर ड्रायव्हरने दोन्ही हात सोडले तरी चालते. नजर मात्र रस्त्यावर हवी, आणि ती तशी आहे की नाही हे पाहायला एक कॅमेरा त्याच्या तोंडावर रोखलेला! आपल्याकडे ॲडासच्या गाडीत हात चाकावर ठेवावेच लागतात. सोडले की थोड्या वेळात गाडी ओरडू लागते. तरीही चालत्या गाडीत चाक सोडून मांडी घालून बसलेल्या बहाद्दरांच्या चित्रफिती मोबाईलवर फिरतात, आणि त्या पाहून मालक मंडळींची समजूत होते की, ड्रायव्हरला आता काम उरले नाही.

आमच्या विहारात वंदनेला येणारा एक मुलगा अशाच गाडीवर आहे. मालक त्याला म्हणाले, “गाडी तर स्वतःच चालते, तू नुसता बसलेला असतोस. सकाळी नागपूरला सोडून रात्रीच परत ये.” नाशिकहून जाऊन येऊन बाराशे किलोमीटरच्या पुढे! अशाच एका फेरीला गाडी रिकामी परतत होती. आम्ही दीक्षाभूमीवर गेलो होतो. मालकाला फोनवर विचारून त्याने आम्हाला शेजारी बसवून घेतले.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, सरळ आणि रुंद. तेथे यंत्र चांगले चालते हे आम्ही पाहिले. पुढचा ट्रक हळू झाला की गाडी आपसूक हळू होई. पण मावळतीचा सूर्य समोर आला आणि कॅमेऱ्याला दिसत नसल्याची सूचना डॅशबोर्डवर उमटली, सोय बंद. एकदा एक टेम्पो आडवा घुसला तेव्हा गाडीने असा ब्रेक मारला की आमचा डबा खाली सांडला. पुढे अंधारात एक ट्रक कडेला अर्धा रस्त्यावर उभा होता, मागे दिवा नाही. मुलाने लांबूनच ओळखले आणि गाडी बाजूला घेतली. यंत्राचा तोवर ‘टूं’ असा आवाजही नव्हता. तो म्हणाला, “काका, चालवताना झोप येत नाही तेवढी हे बघत बसताना येते.”

हा अनुभव एकट्या त्याचा नाही. महामार्गावर पूल, पाट्या, कठडे अशा स्थिर वस्तू पुष्कळ. प्रत्येकीला पाहून ब्रेक लागू नये म्हणून कितीतरी रडार न हलणाऱ्या वस्तू सोडून देतात. उभे वाहन त्यातच सुटते. 2024 च्या फेब्रुवारीत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे आणि मार्चमध्ये फिलाडेल्फिया येथे हात सोडून चालणारी फोर्डची गाडी रात्री उभ्या वाहनांवर आदळली. दोन्हींत मिळून तीन माणसे गेली. फिलाडेल्फियाच्या चालकावर दारू पिऊन चालवल्याचा आरोप ठेवला गेला. पंचशीलाचे पाचवे शील रोज म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ‘प्रमाद’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्याच समृद्धीवर 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर मागून आदळून 12 जण ठार झाले. त्यात यंत्राचा संबंध नव्हता, पण रात्रीच्या रस्त्यावर अचानक उभे वाहन पुढ्यात येणे म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे.

आम्हाला खरी चिंता वेगळीच आहे. 18 मार्च 2018 रोजी ॲरिझोनातील टेम्पी गावी उबर कंपनीच्या चाचणीच्या स्वयंचलित गाडीखाली सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी एक बाई मेली. गाडीत लक्ष ठेवायला पगारी बाई बसवलेली होती, आणि तिची नजर मोबाईलकडे होती. तिची चूक कोणी नाकारत नाही. परंतु सरकारी चौकशीत कंपनीच्या ढिसाळ सुरक्षाव्यवस्थेवरही ठपका आला होता. तरी कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. खटला झाला तो त्या नोकर बाईवर, आणि 2023 साली तिला तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. काम यंत्राकडे गेले, जबाबदारी मात्र पगारदाराकडेच राहिली!

म्हणून ‘नुसता बसलेला असतोस’ हे मालकाचे वाक्य आम्हाला साधे वाटत नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. मोटार कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाचे 8 तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली. एका मालकाच्या एकट्या ड्रायव्हरपर्यंत तो कायदा कधी नीट पोहोचलाच नाही, आणि आता यंत्राचे निमित्त करून उरलीसुरली विश्रांतीही काढून घ्यायची, याला काय म्हणावे? तो मुलगा नागपूरला मुक्काम मागायला बिचकत होता. आम्ही त्याला म्हटले, गाडीचे पुस्तक मालकापुढे उघडून ठेव. चालकाने सतत लक्ष ठेवावे, असे कंपनीनेच त्यात छापलेले आहे. मुक्काम मिळाला, भत्त्याचे बोलणे अजून चालू आहे.

घरच्यांनीही एक करावे. मुलगा रस्त्यावर असताना “गाडी आपोआप चालते ना, मग बोल की” म्हणून फोन लावू नये.

ही पुस्तके बहुधा इंग्रजीत आणि जाडजूड असतात, ड्रायव्हरच्या हाती तर पडतच नाहीत. येत्या रविवारी वंदनेनंतर वस्तीतील ड्रायव्हर मंडळींनी आपापल्या गाडीच्या पुस्तकातील ॲडासची पाने मालकाकडून मागून, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून विहारात आणावीत. बसून मराठीत वाचून सांगू. रात्रपाळीवाल्यांसाठी बुधवारी पुन्हा बसू.