गुपित कोणापासून?

लष्करी गुपित फोडणारा मनुष्य वीर म्हणावा की देशद्रोही, हा प्रश्न वरकरणी नैतिक वाटतो; वस्तुतः तो नीतिविचाराला बगल देण्याचाच एक मार्ग आहे. प्रश्न मनुष्याविषयी विचारला, की चर्चा त्याच्या स्वभावाकडे, त्याच्या संगतीकडे, त्याच्या मनःस्थितीकडे वळते आणि ज्या कागदांवरून हे सारे घडले ते कागद बाजूला पडतात. गुपित राखणाऱ्यांना याहून अधिक काय हवे असते? म्हणून पहिला प्रश्न ‘गुपित कोणी फोडले’ हा नसून ‘ते कोणापासून राखले होते’ हा असला पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. निकुंभिलेतील इंद्रजिताच्या यज्ञाचे मर्म बिभीषणाने रामलक्ष्मणांना सांगितले, तेव्हा त्याने युद्ध चालू असताना शत्रुपक्षाला लष्करी गुपितच दिले. आपण त्याला सप्तचिरंजीवांत बसवले खरे. परंतु घरभेद्यालाही त्याचेच नाव दिले. विदुरही हस्तिनापूरचा मंत्री होता. वारणावतातील लाक्षागृहाचा बेत त्याने इतरांना उमगणार नाही अशा भाषेत युधिष्ठिराला सुचवला. राजगृहातील गुपित त्यानेही फोडलेच. तरी विदुराला घरभेदी म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कारण उघड आहे. ते गुपित परचक्रापासून राखलेले नव्हते; ज्यांना जाळायचे होते त्यांच्यापासूनच राखलेले होते.

विसाव्या शतकात हा भेद सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो डॅनियल एल्सबर्ग यांच्या प्रकरणात. एल्सबर्ग हे युद्धविरोधी चळवळीतून आलेले गृहस्थ नव्हते. अमेरिकेच्या मरीन दलात अधिकारी, रँड कॉर्पोरेशनमध्ये विश्लेषक, १९६४ पासून संरक्षण खात्यात आणि पुढे दोन वर्षे प्रत्यक्ष व्हिएतनाममध्ये, असा त्यांचा प्रवास होता. १९६७ साली संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी व्हिएतनामविषयक निर्णयांचा एक अंतर्गत इतिहास लिहवून घेण्यास आरंभ केला. ४७ खंडांचा, सुमारे ७,००० पृष्ठांचा हा ग्रंथराज अत्यंत गोपनीय ठरवण्यात आला. तो वाचल्यावर एल्सबर्ग यांना कळून चुकले, की एकामागून एक आलेल्या राष्ट्राध्यक्षांनी युद्धाविषयी जे जनतेला सांगितले आणि जे आपसांत लिहिले, त्यांत मेळ नव्हता. १९६९ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी रात्री जागून त्याच्या झेरॉक्स प्रती काढल्या. प्रथम ते सिनेटरांकडे गेले. तेथे दाद लागली नाही, तेव्हा कागद ‘न्यूयॉर्क टाइम्स’कडे गेले आणि १३ जून १९७१ रोजी त्यांचे प्रकाशन सुरू झाले.

त्या कागदांत काय होते, हे येथे एका उदाहरणाने पाहू. १९६५ च्या मार्चमध्ये संरक्षण खात्यातील जॉन मॅक्नॉटन या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकेच्या युद्धहेतूंची टक्केवारीच मांडली होती : मानहानिकारक पराभव टाळणे ७० टक्के, दक्षिण व्हिएतनामची भूमी चीनच्या हाती जाऊ न देणे २० टक्के आणि तेथील जनतेला अधिक चांगले व मोकळे जीवन लाभू देणे १० टक्के. सैनिकांच्या आईबापांना मात्र तो दहावा हिस्साच पूर्ण हेतू म्हणून सांगितला जात होता. आता विचारावे, की हे गुपित कोणापासून होते? हनोईला त्याचे काय? लाओसमध्ये ज्यांच्या डोक्यावर बाँब पडत होते, त्यांना ते पडत असल्याचे कळण्यासाठी अमेरिकी दप्तराची गरज नव्हती. न कळलेले फक्त एकच होते : ज्याच्या नावाने, ज्याच्या पैशाने आणि ज्याच्या मुलांच्या जिवावर युद्ध चालले होते तो अमेरिकी नागरिक.

याच्या शेजारी त्याच काळातील दुसरे उदाहरण ठेवावे. अमेरिकी नौदलाच्या संदेशवहन शाखेतील जॉन वॉकर याने १९६७ च्या सुमारास वॉशिंग्टनमधील सोव्हिएत दूतावास गाठला आणि गुप्तलिपीच्या किल्ल्या पैशासाठी विकण्यास प्रारंभ केला. १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत हा व्यापार चालला. त्यात त्याने भावाला आणि पोटच्या मुलालाही ओढले. वॉकरने जे दिले ते शत्रूला दिले आणि स्वदेशीयांपासून लपवले. एल्सबर्ग यांनी जे दिले ते स्वदेशीयांना दिले आणि काही दिवसांतच बोस्टन येथे स्वतःला अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. वाटाघाटींविषयीचे चार खंड त्यांनी वृत्तपत्रांना दिले नव्हते, कारण शांततेच्या बोलण्यांना त्यांमुळे बाधा येऊ नये. या दोघांना एकाच शब्दात गोवणारी भाषा आळशी तरी असली पाहिजे किंवा हेतुपुरस्सर तरी.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक कारकुनाने आपल्या विवेकाला साक्षी ठेवून दप्तर फोडायचे ठरवले, तर राज्य चालावे कसे? त्याला हा अधिकार कोणी दिला? ज्यांना गुपित फोडणारा प्रत्येक जण वीर वाटतो, त्यांनी या प्रश्नाला क्वचितच सरळ उत्तर दिले आहे. चेल्सी मॅनिंग यांचे प्रकरण त्यांनी नीट पाहावे. इराकमध्ये नेमणुकीस असलेल्या या तरुण विश्लेषकाने २०१० साली सुमारे सात लाख कागद बाहेर दिले. सात लाख कागद कोणी एकटा वाचू शकत नाही. न वाचता दिलेल्या कागदाची जबाबदारी विवेकावर टाकता येत नाही. जे प्रसिद्ध झाले त्यात अमेरिकी सैन्याला माहिती पुरवणाऱ्या अफगाण लोकांची नावेही होती. त्या गावकऱ्यांनी कोणाचे काय बिघडवले होते? परंतु त्याच कागदांबरोबर एक चित्रफीतही आली. बगदादमध्ये जुलै २००७ मध्ये हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबारात रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारी मारले गेले, त्याचे ते चित्रण होते. वृत्तसंस्थेने ते माहितीच्या कायद्याखाली मागितले होते. ते मिळाले नव्हते. मॅनिंग यांना वीर म्हणून मोकळे झालो तर त्या अफगाण नावांचा विसर पडतो. द्रोही म्हणून मोकळे झालो तर बगदादच्या रस्त्यावरील प्रेतांचा. दोन्ही विशेषणे अशा रीतीने काही ना काही झाकतातच. न्याय कागदागणिक करावा लागतो, मनुष्याच्या नावाने एकगठ्ठा करता येत नाही.

असा न्याय करावा कोणी? अर्थात न्यायालयाने. आणि येथेच राज्यसंस्थेचा खरा कच्चेपणा उघडा पडतो, कारण न्यायालयाला हा न्याय करूच दिला जात नाही. एल्सबर्ग यांच्यावर जे आरोप ठेवले होते, त्यांची एकत्रित शिक्षा ११५ वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. खटल्यात त्यांच्या वकिलाने ‘आपण प्रती का काढल्या’ असे विचारताच सरकार पक्षाने हरकत घेतली आणि ती मान्य झाली. ११ मे १९७३ रोजी खटला निकालात निघाला तो त्यांची बाजू ऐकून नव्हे. त्यांच्या मनोविकारतज्ज्ञाच्या कार्यालयात सरकारी माणसांनीच चोरून प्रवेश केल्याचे आणि बेकायदा संभाषणे ऐकल्याचे उघडकीस आले म्हणून. ‘का’ हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात प्रकाशनबंदीसाठी सरकारची बाजू मांडणारे अर्विन ग्रिसवोल्ड यांनी १९८९ मध्ये लिहिले, की त्या प्रकाशनाने राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोहोचल्याची खूण आपल्याला दिसलेली नाही. अठरा वर्षांनी आलेली ही कबुली त्या वेळी न्यायालयात का तपासली जाऊ नये?

आपल्या देशापुरते बोलायचे, तर हा कायदा आपण परकीय राजवटीकडून वारशाने घेतला. १८८९ चा शासकीय गुपितांचा कायदा कर्झनच्या काळात अधिक कडक करण्याचे घाटले, तेव्हा लष्करी व नाविक गुपितांच्या पंक्तीला मुलकी कारभारही बसवण्यात येत होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ विधिमंडळात त्यास विरोध केला. १९०४ चे ते विधेयक संमत झालेच आणि पुढे १९२३ चा कायदा आला. स्वतंत्र भारताने तो ठेवून घेतला. लोकहितासाठी माहिती दिली असा बचाव त्या कायद्यात नाही. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ साली सादर झाला. त्याचा सारांश संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्याच वर्षी लोकसभेत सांगितला; परंतु मूळ अहवाल शासनाने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने प्रसिद्ध केला, तेव्हाच भारतीय वाचकाला तो पाहायला मिळाला. आपण कोणत्या वाटेने आलो, हे चिनी सैन्याला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणेल काय? गुपित राहिले ते हुतात्म्यांच्या वारसांपासून.

चित्र अगदीच काळोखे नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने, लोकहित हानीपेक्षा मोठे असेल तर गोपनीय माहितीही देता येते, हे तत्त्व मान्य केले. राफेल विमानखरेदीविषयी वृत्तपत्रात आलेले कागद विचारात घेऊ नयेत, ही सरकारची हरकत सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळली, आणि तसे करताना १९७१ च्या त्या अमेरिकी निवाड्याचा आधार घेतला. परंतु या निवाड्याने संरक्षण मिळाले ते छापलेल्या कागदाला. कागद आणून देणारा मनुष्य आजही १९२३ च्याच कायद्यापुढे उभा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. लष्कराने गुपिते राखावीत. सैन्याच्या हालचाली, गुप्तलिपी, खबऱ्यांची नावे राखलीच पाहिजेत, आणि ती विकणाऱ्याला दयामाया नको. परंतु ज्याच्यावर आरोप आहे त्याला न्यायासनापुढे तीन गोष्टी सांगू द्याव्यात : हे गुपित कोणापासून राखले होते, मी त्यातले काय देण्याचे टाळले, आणि देण्यापूर्वी मी कोणाकडे दाद मागितली होती. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर शिक्षा खुशाल व्हावी. एल्सबर्ग जून २०२३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. प्रती का काढल्या याचे उत्तर ते पन्नास वर्षे जगाला सांगत राहिले. ज्या एका ठिकाणी ते ऐकून घेणे न्यायाचे होते, तेथे मात्र ते त्यांना कधीच सांगता आले नाही.