साखर मोजली, रक्तवाहिन्यांचे काय?

गावात कुणाला 'साखर' निघाली, की चर्चा चहा-भाताभोवती फिरते. चहा फिका होतो, कारल्याचा रस सुरू होतो. पण शेतकरी बंधूंनो, मधुमेहात माणूस अधू होतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे. डोळे, मूत्रपिंड, हृदय, पाय, सगळीकडे तेच.

रक्तवाहिनीचे आतले पातळ अस्तर म्हणजे नुसते वेष्टन, असा पूर्वी समज होता. १९८० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या धमनीवर प्रयोग केले. अस्तर शाबूत असले तर औषधाने धमनी सैल पडे. अस्तर खरवडले गेले, तर तीच आखडे. अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते आणि त्याने वाहिनी रुंदावते, हे पुढे सिद्ध झाले. १९९८ चे नोबेल या शोधाला मिळाले. आपल्या भाषेत, हे अस्तर म्हणजे कालव्यावरचा पाटकरी. कुठे किती पाणी सोडायचे ते त्याच्या हाती. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की हा वायू कमी पडतो, वाहिनी आखडते, आत चरबीचे थर बसू लागतात. आणि दुखत काहीच नाही, हीच खरी अडचण! पुढे मज्जातंतूही निकामी होतात. बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि रक्त पोचत नसल्याने भरत नाही.

राबणाऱ्याला साखर होत नाही, हा दुसरा भ्रम. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाचा अभ्यास चालला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, दिसायला बारीक. पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. अंगकाठीवर विसंबू नका.

आता कामाचे. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. ज्या मधुमेहींचा रक्तदाब कसून आटोक्यात ठेवला, त्यांच्यात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. त्यात वापरलेली अ‍ॅटेनोलॉलसारखी औषधे काही महागडी नव्हेत. म्हणजे साखरेइतकेच बीपीही मोजायला हवे. बिडी ओढणाऱ्याने तर पाटकऱ्याच्या हातापायांत बेड्याच घातल्या म्हणायच्या.

उपकेंद्रात तीस वर्षांवरील लोकांची साखर व बीपी तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. सरपंच व सदस्यांनी ग्रामसभेत आकडे मागावेत. किती जण तपासले? त्यांपैकी किती जणांच्या गोळ्या सुगीतही चालू राहिल्या? लघवीतली प्रथिने कुणाची पाहिली? आणि मधुमेह्याला चप्पल काढायला लावून तळपाय कुणी तपासले का?