जुन्या स्पोर्ट्स मोटारीतील ऊब आणि गारवा

मोटार जुनी झाली म्हणजे धनी तिचे इंजिन पाहतो, ब्रेक पाहतो, टायर पाहतो. आत बसणाऱ्यांस ऊब किंवा गारवा देणारी यंत्रणा मात्र चैनीच्या सदरात जाते आणि बिघडली तरी वर्षानुवर्षे तशीच राहते. ही समजूत सर्वस्वी बरोबर नाही. काही मोटारींत ऊब देणारी यंत्रणा बिघडली असता केवळ थंडी वाजून भागत नाही. प्रसंग जिवावर बेतू शकतो. यास्तव या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे. आपल्याकडील काही घरांतील तरुण आखाती देशांत व युरोपात गॅरेजांतून काम करतात. त्यांना तो उपयोगी पडेल, आणि घरी असलेल्या मंडळींसही त्यातून एक महत्त्वाची सावधगिरी घेता येईल.

उदाहरणादाखल आपण जर्मनीतील पोर्शे ९११ ही मोटार घेऊ. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन मागच्या बाजूस असते आणि १९९८ सालापर्यंत बनलेल्या जुन्या धाटणीच्या गाड्यांत ते पाण्याने नव्हे, तर हवेने थंड केले जाई. बहुतेक मोटारींत इंजिनाचे गरम पाणी एका लहान रेडिएटरमधून फिरवून आत ऊब आणतात. जेथे पाणीच नाही तेथे ही सोय कशी व्हावी? त्यासाठी एक्झॉस्टच्या तप्त नळ्यांभोवती पत्र्याचे बंद आवरण बसविलेले असते. इंजिनाचा पंखा काही हवा या आवरणातून ढकलतो; नळ्यांना लागून ती तापते, मग झडपांच्या पेट्यांतून जाऊन दारांखालच्या पोकळ कडांतील वाटेने बसण्याच्या जागेत येते. फोक्सवॅगनच्या जुन्या ‘बीटल’ मोटारीतही हेच तत्त्व होते.

आता ऊब येईनाशी झाली तर शोध कोठून सुरू करावा? वैद्य जसा आधी रोग्याची हकीकत ऐकतो, तसे आधी गाडीची हकीकत विचारावी. काही हौशी मालक वेग वाढावा म्हणून मूळ आवरणे काढून नुसत्या एक्झॉस्ट नळ्या बसवितात. अशा गाडीत ऊब मिळण्याचा मार्गच उरलेला नसतो. तेथे झडपा व तारा तपासण्यात दिवस घालविणे व्यर्थ होय. आवरणे जागेवर असतील, तर इंजिन बंद व थंड असताना एकाने आत बसून ऊबेचा दांडा वरखाली करावा आणि दुसऱ्याने झडपेच्या पेटीचा बाहेरचा हात हलतो की नाही ते पाहावे. गाडी वर उचललेली असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम आधार दिल्यावाचून कोणीही तिच्याखाली शिरू नये.

हात हलत नसेल तर तार तुटली, सैल झाली किंवा गंजून अडकली, असे समजावे. हात हलतो पण आतली झडप हलत नसेल तर पेटी गंजलेली आहे. दोन्ही ठीक असूनही ऊब येत नसेल, तर पंख्याकडून आवरणाकडे आणि पेटीकडून गाडीकडे जाणाऱ्या लवचीक नळ्या पाहाव्यात. त्या फाटतात, निसटतात, आणि गरम हवा रस्त्यावर वाया जाते. ही दुरुस्ती स्वस्त असते, म्हणून ती आधी पाहावी. याउलट भर उन्हाळ्यातही पायांपाशी गरम झोत येत असेल, तर झडप पुरती मिटत नाही, हे उघड आहे.

इथपर्यंतचे दोष केवळ गैरसोयीचे. परंतु दांडा उघडताच आत वास येऊ लागला, तर मात्र तेथेच थांबावे. जळक्या तेलाचा वास असेल तर इंजिनाचे तेल झिरपून तप्त आवरणावर पडत असावे. एक्झॉस्टच्या धुराचा वास असेल तर दोष त्याहून गंभीर आहे. आवरणाच्या आतली नळी गंजून तिला भोक पडले, की श्वासासाठी येणाऱ्या हवेतच धूर मिसळतो, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. या वायूला स्वतःचा रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने धरून ठेवते, त्यामुळे शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची लक्षणे. प्रवासाच्या शिणवट्याचीही लक्षणे हीच, म्हणून मनुष्य फसतो. वास नाही म्हणून धोका नाही, असे मानणेही चुकीचे आहे. जुन्या गाडीत हा वायू मोजणारे लहानसे उपकरण आणून ऊब चालू असताना तपासणी करावी. वायू आढळला तर गाडी वापरू नये. गंजलेला भाग बदलावा. त्यावर वरवर ठिगळ मारून काम भागवू नये. प्रवासात शंका आली तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि लक्षणे असलेल्यास डॉक्टरकडे न्यावे.

आता गारव्याकडे वळू. थंड करणारा वायू कंप्रेसरमध्ये दाबला जातो. कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. लहानशा छिद्राच्या झडपेतून निघताच त्याचा दाब उतरतो आणि इव्हॅपोरेटरमध्ये उकळताना तो आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. ९११ मोटारीत कंप्रेसर मागे इंजिनापाशी आणि इव्हॅपोरेटर पुढे, त्यामुळे वायूच्या रबरी नळ्या गाडीच्या लांबीइतक्या धावतात. जुने रबर वायू थोडाथोडा झिरपू देते. ही गाडी वारंवार गारवा गमावते, त्याचे एक मोठे कारण हेच.

येथेही क्रम महत्त्वाचा. प्रथम आतला पंखा वारा देतो काय ते पाहावे. देत नसेल तर फ्यूज, बटण व पंख्याची मोटर तपासावी. वारा येतो पण गार नाही, तर बटण दाबताच कंप्रेसरच्या क्लचचा ‘टक्’ असा आवाज येतो का ते ऐकावे. आवाज नसेल तर क्लचपर्यंत वीज पोहोचते की नाही ते पाहावे. फ्यूज, थर्मोस्टॅट व तारा यांतच बहुधा दोष सापडतो. क्लच लागतो, पट्टाही घट्ट आहे, तरीही गारवा नाही, तेव्हा वायू कमी झाल्याचा संशय घ्यावा. वायूबरोबर थोडे तेलही फिरत असते. म्हणून सांध्यापाशी तेलकट डाग दिसला तर गळती तेथे शोधावी.

आणखी दोन खुणा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. गाडी धावताना गारवा असतो आणि चौकात उभी राहिली की जातो, असे झाले तर कंडेन्सरला हवा कमी पडते. या मोटारीत एक कंडेन्सर इंजिनाच्या झाकणाखाली बसविलेला असे. उभ्या गाडीत इंजिनाची धग त्यालाच लागते. दुसरी खूण अशी की, आरंभी चांगला गार वारा येतो आणि मग वाऱ्याचा जोरच ओसरतो. अशा वेळी इव्हॅपोरेटरवर बर्फ साचलेले असते. कंप्रेसर थोडा वेळ बंद ठेवून नुसता पंखा चालविल्यावर वारा पुन्हा मोकळा झाला, तर थर्मोस्टॅट बदलण्याजोगा झाला आहे.

या जुन्या गाड्यांत मुळात आर-१२ नावाचा वायू भरलेला असे. पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या आवरणास अशा वायूंमुळे क्षती पोहोचते, असा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला. पुढे १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला आणि आर-१२ मागे पडून नव्या मोटारींत आर-१३४ए आला. जुन्या गाडीत नवा वायू नुसता ओतून चालत नाही. जुने खनिज तेल त्यात मिसळत नाही, म्हणून तेल बदलावे लागते. ओल शोषणारी ड्रायरची बाटलीही नवी घालावी लागते आणि वायूचे माप पूर्वीपेक्षा कमी ठेवावे लागते. दोन वायूंचे मिश्रण तर कदापि करू नये. शिवाय हा द्रव बाहेर पडताच शून्याखाली सुमारे ३० अंशांवर उकळतो. तो डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून वायूच्या नळ्या घरी सोडू नयेत. वायू काढून साठविण्याचे यंत्र ज्याच्यापाशी आहे, त्याच जाणत्या कारागिराकडे ते काम सोपवावे.

आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या अंगणात अशी गाडी उभी असेल. तरीही साधी मोटार, जीप किंवा टेंपो असो, तिचा धूर तितकाच घातक असतो. दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. गारव्यासाठी इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपू नये आणि मुलांना तसे झोपू देऊ नये. लग्नकार्याहून किंवा जत्रेहून रात्री परतताना चालकाला झोप आवरेनाशी झाली, तर गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, काच खाली करावी आणि मगच पाठ टेकावी. घाम येईल, डास चावतील. पण घरची मंडळी सकाळी सुखरूप घरी पोहोचतील.