उपपदार्थाचे सोवळे

माझा मामेभाऊ दिंडोरीकडे वाइन करतो. हे वाक्य चारचौघांत उच्चारले की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. निम्मे लोक आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे दारूच ना हो?" उरलेले आवाज आणखी खाली आणून विचारतात, "एखादी बाटली मिळेल का?" काहीजण दोन्ही प्रश्न विचारतात, मात्र दोहोंमध्ये निदान दहा मिनिटांचे अंतर ठेवण्याची सभ्यता पाळतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊन टाकतो. होय, दारूच! जानेवारी २०२२ मध्ये सरकारने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटांत वाइन विकू द्यायचे ठरवले, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य फार ऐकू आले. शंभरात बारा-तेरा भाग मद्यार्क असलेल्या पेयाला दारू नव्हे म्हणणे, म्हणजे "आमचा बंड्या नापास नाही झाला, फक्त वर गेला नाही" म्हणण्यापैकीच. तेव्हा भांडण त्या प्रश्नाशी नाही. भांडण आहे ते विचारणाऱ्याच्या सोवळ्याशी.

गेल्या साली पुतणीला एक स्थळ आले होते. मुलगी शेतकी पदवीधर, बापाच्या बरोबरीने बाग आणि टाक्या सांभाळणारी. पत्रिका जुळली, पोहे झाले, आणि आठ दिवसांनी निरोप आला, "मुलगी लाखात एक, पण तुमच्या घरी दारू गाळतात." वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत.

आता, वाइन कोणी गाळत नाही. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खाते, रस आंबतो, झाली वाइन. गाळण्याला भट्टी लागते, आणि ती होती मुलाचे वडील ज्या साखर कारखान्याचे संचालक आहेत तिथे! उसाच्या मळीतून जे निघते त्याला वार्षिक अहवालात 'उपपदार्थ' म्हणतात. तोच उपपदार्थ पुढे देशीच्या दुकानात बाटलीतून भेटतो. पण कारखाना म्हणजे सहकार, आणि दादाची दोन खोल्यांची वायनरी म्हणजे गुत्ता!

दादा हौसेने यात पडला नाही. आधी त्याच्याकडे खायची द्राक्षे होती. ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग थिनिंग, भुरी, अवकाळी, सगळ्यातून वाचून फेब्रुवारीत माल तयार व्हायचा, की व्यापारी बांधावर उभा! पिकलेले द्राक्ष थांबत नाही हे त्याला पक्के ठाऊक. तो तंबाखू मळत थांबायचा आणि भाव खाली यायचा. एका वर्षी तर चेक देऊन सगळी बाग तोडून नेली. चेक काही वटला नाही. पुढच्या वर्षी दादाने दोन एकरांत वाइनची जात लावली. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणापासून सरकारच 'वायनरी काढा' म्हणत होते. त्याने ते खरे मानले, कर्ज काढले आणि टाक्या घेतल्या.

मला म्हणाला, "द्राक्ष थांबत न्हाई भाऊ, वाइन थांबती. जल्मात पहिल्यांदा भाव मी सांगतो, अन् समोरचा इचार करतो."

या एका वाक्यासाठी मी त्या वायनरीच्या बाजूने भांडायला तयार आहे. मी स्वतः वाइन पीत नाही. मला ती बिघडलेल्या सरबतासारखी लागते. तुम्हीही पिऊ नका. दारूने घरे बुडतात, हे मला मान्य आहे. पण सोवळे पाळायचेच, तर मळीला आणि द्राक्षाला एकच पाळा. कारखान्याच्या चिमणीला नमस्कार करून शेतकऱ्याच्या टाकीवर थुंकू नका.

त्या मुलाचे लग्न मे महिन्यात दुसरीकडे ठरले. आधी दादाला फोन आला, संचालकसाहेबांचाच. पुण्याचे पाहुणे येणार होते. दोन खोकी मिळतील का, घरगुती भावात?

दादाने दिली. पुऱ्या भावाने, पक्क्या पावतीवर.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नात त्यांनी चांगले चार महिन्यांचे अंतर ठेवले होते. सभ्य माणसे!