चौऱ्याऐंशी दिवसांची सीमा



जानेवारी महिना आला की उल्हासनगरच्या आमच्या घरी सकाळचा नाश्ता दूरचित्रवाणीसमोर होतो. ऑस्ट्रेलियातील टेनिसचे सामने आपल्याकडे पहाटेच सुरू होतात आणि नातवाला त्या खेळाचे भारी वेड आहे. अशाच एका सकाळी जोकोविचचा सामना पाहता पाहता त्याने विचारले, “आजोबा, लस घेतली नाही म्हणून ज्याला ऑस्ट्रेलियातून परत पाठवले, तो हाच ना? एवढ्या मोठ्या खेळाडूला कसे काय अडवले?”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि वडीलधाऱ्याच्या थाटात उत्तर दिले, “नियम सर्वांना सारखा असतो, बाळा.” हे वाक्य तोंडातून गेले आणि माझे मलाच ते टोचले. २०२१ च्या श्रावण-भाद्रपदातील आमच्या दुकानाची हजेरीवही डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या वहीविषयी पुढे सांगेनच. आधी नातवाच्या प्रश्नाचे उत्तर नीट देऊ.

५ जानेवारी २०२२ च्या रात्री नोवाक जोकोविच मेलबर्नच्या विमानतळावर उतरला. तोवर ही स्पर्धा त्याने नऊ वेळा जिंकलेली होती. परदेशातून येणाऱ्याने लसीचे डोस पूर्ण केलेले असावेत, नाहीतर वैद्यकीय कारणाने सूट सिद्ध करावी, असा तेथील नियम होता. डिसेंबरमध्ये आपल्याला कोविड होऊन गेला आहे, त्या आधारे सूट मिळावी, असे त्याचे म्हणणे. स्पर्धेच्या आयोजकांनी ते मान्य केले होते. सीमेवरील अधिकाऱ्यांनी ग्राह्य धरले नाही. व्हिसा रद्द झाला. १० जानेवारीला न्यायालयाने तो परत दिला, १४ जानेवारीला तेथील इमिग्रेशन मंत्री ॲलेक्स हॉक यांनी विशेष अधिकार वापरून पुन्हा रद्द केला आणि १६ तारखेला तीन न्यायाधीशांच्या पीठाने मंत्र्यांचा निर्णय कायम ठेवला. त्याच रात्री जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू विमानात बसून निघून गेला. मेलबर्नच्या रहिवाशांनी त्याआधीच्या दोन वर्षांत अडीचशेहून अधिक दिवस टाळेबंदी सोसली होती. एका प्रसिद्ध पाहुण्यासाठी दार किलकिले केलेले त्यांना रुचले नसते, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

मधल्या दिवसांत ज्या हॉटेलात त्याला ठेवले होते, तेथे आश्रय मागणारे निर्वासित दीर्घकाळ अडकून पडलेले होते. टेनिसपटूमुळे कॅमेरे तेथे पोहोचले, म्हणून जगाला त्यांची माहिती झाली. आपले उल्हासनगरही सीमा ओलांडून आलेल्या माणसांनी, लष्करी छावणीच्या बराकींतून उभे केलेले गाव आहे. दारावर थांबवलेला माणूस म्हणजे काय, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

जोकोविचने आपल्या निर्णयाची किंमत मोजली. २०२२ ची अमेरिकन स्पर्धा त्याला खेळता आली नाही, कारण लस न घेतलेल्या परदेशी नागरिकाला अमेरिकेत प्रवेश नव्हता. मार्च २०२३ मधील इंडियन वेल्स आणि मायामी येथील स्पर्धाही त्याच कारणाने हुकल्या. अमेरिकेने तो नियम मे २०२३ मध्ये उठवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने तेथील विजेतेपद मिळवले. ऑस्ट्रेलियानेही त्याला पुन्हा व्हिसा दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये तो तेथे दहाव्यांदा जिंकला. लस न घेण्यापायी स्पर्धा सोडाव्या लागल्या तरी चालतील, असे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितले होते. त्याचे मत मला पटत नाही. घरातल्या सर्वांनी लस घेतली, ती योग्यच केली असे मी मानतो. परंतु त्याच्या प्रकरणात एक गोष्ट स्वच्छ होती. नियम त्याला ठाऊक होता, लस त्याला हवी तेव्हा मिळू शकत होती, आणि घ्यायची की नाही हे ठरवणे त्याच्या हाती होते. तोट्याचा सौदा त्याने जाणूनबुजून केला.

आता त्याच महिन्यातील दुसरी गोष्ट ऐका. तिच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील त्याच स्पर्धेच्या ज्युनिअर गटात खेळण्याची संधी भारतातील एका सतरा वर्षांच्या खेळाडूला होती. त्यालाही लस नाही म्हणून प्रवेश मिळाला नाही. परंतु त्याच्या नकाराचा हिशेब मांडून पाहा. आपल्या देशात पंधरा ते अठरा वयाच्या मुलांचे लसीकरण सुरूच झाले ३ जानेवारी २०२२ रोजी. या वयासाठी कोव्हॅक्सिन होती आणि तिच्या दोन डोसांत २८ दिवसांचे अंतर ठेवायचे होते. पहिल्याच दिवशी पहिल्या रांगेत उभा राहिलेल्या मुलालाही दुसरा डोस मिळाला असता तो ३१ जानेवारीला. पुरुषांचा अंतिम सामना ३० जानेवारीला झाला. राफाएल नदालने दोन सेट मागे पडूनही तो जिंकला. म्हणजे स्पर्धेचा मांडव उतरल्यानंतर या मुलाला त्या स्पर्धेत प्रवेशाची पात्रता मिळणार होती.

कागदावर दोघांचा नकार एकाच शब्दांत लिहिला गेला, लसीकरण अपूर्ण. एकाने लस नाकारली होती, दुसऱ्याला ती देऊच केलेली नव्हती.

आता हजेरीवहीकडे येतो. आमचे कापडाचे दुकान मुंबईत काळबादेवीच्या बाजूला आहे. तेथील एक गुमास्ता बदलापूरला राहतो. वय तेव्हा तिशीच्या आतले. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ पासून, सामान्य प्रवाशाला लोकलचे दार बंद होते. जूनमध्ये दुकाने उघडली, पण गाडी मिळेना. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे सुमारे ६८ किलोमीटरचे अंतर तो बस बदलत, कधी कोणाच्या टेम्पोत बसून कापत असे. मग सरकारने जाहीर केले की ज्यांचा दुसरा डोस होऊन चौदा दिवस झाले आहेत, त्यांना १५ ऑगस्टपासून लोकलचा मासिक पास मिळेल. स्थानकांबाहेर प्रमाणपत्र तपासण्याच्या खिडक्या उघडल्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तिन्ही गावांत त्या दिवसांत स्थानकाबाहेर लोकांच्या हातात आधार कार्ड आणि लसीचे प्रमाणपत्र दिसत असे. साठीच्या पुढच्यांना मार्चपासूनच लस खुली होती. माझे दोन्ही डोस कधीच झाले होते. मी पास काढला आणि कित्येक महिन्यांनी खिडकीजवळची जागा मिळवून दुकानी गेलो.

गुमास्त्याचे तसे नव्हते. अठरा ते चव्वेचाळीस वयासाठी लसीकरण १ मे रोजी खुले झाले, परंतु पुरवठाच अपुरा असल्यामुळे महाराष्ट्राला ते मे महिन्यात थांबवावे लागले. जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले, तेव्हा २५ जूनला त्याला पहिला डोस मिळाला. कोविशील्डच्या दोन डोसांतील अंतर त्या वेळी किमान ८४ दिवसांचे होते. म्हणजे दुसरा डोस १७ सप्टेंबरला. त्यावर चौदा दिवस, म्हणजे १ ऑक्टोबर. मध्यंतरी त्याने कितीही धावपळ केली, कितीही पैसे मोजले, तरी ही तारीख एका दिवसानेही अलीकडे येणार नव्हती. आणि दुकानाची वेळ मात्र आता पूर्ववत झाली होती. तो सकाळी सहाला घर सोडी आणि अकरा, कधी साडेअकराला दुकानात पोहोचे. मी हजेरीवहीत त्याच्या नावापुढे अर्धा खाडा मांडत असे.

त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. नियम सरकारचा होता, उशीर त्याचा होता, वही माझी होती. दिवाळीपूर्वी हिशेब मिळवताना आमच्या वृद्ध मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, “शेठ, हे एकोणीस अर्धे खाडे कोणत्या खाती टाकू? आजारपण नाही, रजा नाही, कामचुकारपणाही नाही.” मला उत्तर सुचले नाही. बोनसबरोबर ते पैसे मी त्याला परत केले. त्याने ते मुकाट्याने घेतले. आनंद दाखवला नाही, रागही दाखवला नाही. त्याचे ते गप्प राहणे मला आजही आठवते.

याच काळातील आणखी एक नियम मला पुढे कळला आणि अधिक अस्वस्थ करून गेला. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने परदेशी जाणाऱ्या काही लोकांसाठी कोविशील्डचे अंतर ८४ वरून २८ दिवसांवर आणले होते. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, नोकरीसाठी जाणारे लोक आणि टोकियो ऑलिम्पिकचे खेळाडू व त्यांच्यासोबतचे कर्मचारी यांना ही सवलत होती. सवलत योग्यच होती. ती नसती तर मुलांची वर्षे वाया गेली असती आणि खेळाडू घरी बसले असते. पण तिचा अर्थ असाही होतो की, अडचण खरी असेल आणि ती कोणी पुढे मांडली, तर अंतर कमी करण्याचा मार्ग शास्त्राला आणि शासनालाही सापडत होता. पारपत्र दाखवणाऱ्याची अडचण कोणीतरी मांडली. बदलापूरहून मशीद बंदरला जाणाऱ्याची अडचण कोणी मांडली नाही. मीही नाही. व्यापारी मंडळाच्या बैठकीत आम्ही दुकानांच्या वेळेवर तासभर बोललो होतो.

पुढे ऑक्टोबरमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना आणि वैद्यकीय कारणाने लस घेऊ न शकणाऱ्यांना लोकलची मुभा मिळाली. लोकलच्या या निर्बंधाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने, आधीचे आदेश काढताना विहित पद्धत पाळली गेली नव्हती, असे राज्य सरकारला सुनावले. सरकारने ते आदेश मागे घेतले, पण मार्चमध्ये नव्याने तीच अट घातली. शेवटी गुढीपाडव्याच्या तोंडावर सर्वच निर्बंध उठले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व देशासाठी तत्त्व सांगितले. ते देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्यासमवेत आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. त्याचा आशय असा, की कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही. समाजाच्या आरोग्यासाठी शासन काही मर्यादा घालू शकते, पण त्या मर्यादा परिस्थितीच्या प्रमाणात असल्या पाहिजेत. प्रमाण हा शब्द आपल्याला नवा नाही. तराजूवर बसणाऱ्या माणसाचा तो रोजचा शब्द आहे.

हे सारे जुने झाले, आता त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण लस आणि सीमा यांचे नाते कोविडपुरते नाही. आपल्यातील कित्येक कुटुंबांचे व्यवहार आणि सोयरीक नैरोबी, मोंबासा, दार-एस-सलाम येथे आहेत. केनियासारख्या देशातून परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर आपल्याच देशात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही लस शासनमान्य केंद्रावरच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. विमानाच्या आदल्या दिवशी धावून उपयोग नाही. २०१६ पासून मात्र ते आजन्म चालते. पिवळी पुस्तिका पारपत्रासोबत जपून ठेवा आणि तिच्यावरील नाव पारपत्राप्रमाणेच लिहिलेले आहे ना, हे केंद्रावरच तपासून घ्या.

दुसरी सूचना जोकोविचच्याच प्रकरणातून. त्याच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये मागील चौदा दिवसांतील प्रवासाविषयी चुकीची माहिती गेली होती. ती चूक आपल्या सहायकाकडून झाली, असे त्याला जाहीर सांगावे लागले. आपण दहा लाखांच्या मालाचे बिल स्वतः वाचतो आणि व्हिसाचा फॉर्म एजंटवर सोपवून मोकळे होतो. त्याखाली सही आपली असते.

तिसरी गोष्ट सूचना म्हणून सांगण्याचा मला अधिकार नाही. माझी स्वतःची चूक म्हणून सांगतो. पुन्हा कधी असा नियम आला, मग तो लसीचा असो वा अन्य कशाचा, तर दुकानातील प्रत्येक माणसाला तो पाळणे कोणत्या तारखेपासून शक्य आहे, हे आधी कागदावर मांडावे. ज्याने नियम नाकारला त्याच्याशी बोलावे, समजावावे, आणि त्याचा परिणाम त्याने सोसावा. ज्याच्यापर्यंत नियम पाळण्याची सोयच पोहोचलेली नाही, त्याचा खाडा मांडू नये.

नातवाला मी त्या सकाळी दोन्ही खेळाडूंची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ बोटांवर दिवस मोजत राहिला आणि म्हणाला, “मग त्या दादाने काय करायला हवे होते?” मी म्हणालो, “त्याने काहीच नाही. दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी बोलायला हवे होते.”

आमचा गुमास्ता अजून आमच्याकडेच आहे. बदलापूरहून सकाळची लोकल पकडतो, उल्हासनगरला मी चढतो. गर्दीत कधी तो आत सरकून मला जागा करून देतो. हजेरीवही आता तोच लिहितो.

पुन्हा भेटू. जय जिनेंद्र.