नाशवंत माल, शीतगृह आणि आपला व्यापारी

फळे, भाजीपाला, पान, अंडी, मासळी अशा नाशवंत मालाच्या व्यापारात आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुणे, सोलापूर, सांगली, नाशिक अशा कोणत्याही मोठ्या मार्केट यार्डात फळांच्या ओळीतून फिरले की बागवान बंधूंच्या गाळ्यांच्या पाट्या दिसतातच. तांबोळी पानाच्या धंद्यात आहेत आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासळीचा मोठा व्यवहार आपल्या लोकांच्या हातून होतो. आंब्याला नुसते बोट लावून तो किती दिवसांत तयार होईल हे सांगणारी माणसे आपल्यात आजही आहेत. हे ज्ञान कोणत्याही कॉलेजात मिळत नाही.

असे असूनही एक गोष्ट आपण करत नाही. माल विकत घेण्यात आपण पैसा घालतो, पण माल टिकवण्याच्या साधनांत घालत नाही. चार पैसे शिल्लक पडले की गाळा, प्लॉट, सोने किंवा लग्नकार्य यांतच ते जातात. शीतगृह दुसऱ्याचे, गाडी दुसऱ्याची आणि बर्फही दुसऱ्याचा. या सवयीची किंमत आपण रोज मोजतो, फक्त ती वहीत वेगळी लिहिली जात नाही. म्हणून आज या विषयावर थोडे स्पष्ट लिहीत आहोत.

वहीत न दिसणारा तोटा

एक साधे उदाहरण घेऊ. समजा एका व्यापाऱ्याने २० किलोचे १०० क्रेट टोमॅटो १५ रुपये किलोने घेतले. माल २,००० किलो, गुंतवणूक ३०,००० रुपये. १८ रुपयांनी सगळा माल गेला तर ३६,००० येतील, म्हणजे ६,००० सुटतील, असा त्याचा हिशोब. प्रत्यक्षात २०० किलो दबून व सडून जातो. ४०० किलो सकाळच्या बाजारात खपत नाही आणि दुपारनंतर १० रुपयांनी काढावा लागतो. उरलेला १,४०० किलो १८ ने जातो. हाती आले २९,२०० रुपये. हमाली, भाडे आणि गाळ्याचा खर्च धरण्याआधीच ८०० रुपयांचा तोटा झाला. भाव बरोबर होता, गिऱ्हाईकही होते, पण माल थांबायला तयार नव्हता. आणि तो थांबणार नाही हे गिऱ्हाईकालाही ठाऊक असते. म्हणूनच तो दुपारची वाट पाहतो.

हे एकट्यादुकट्याचे रडगाणे नाही. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत काढणीपासून विक्रीपर्यंतची नासाडी पेरूत सुमारे १६ टक्के, टोमॅटोत १२ टक्क्यांवर आणि आंब्यात ९ टक्क्यांवर आढळली होती. जो धंदा मुळात शेकडा आठ-दहा टक्क्यांवर चालतो, त्यात एवढी नासाडी म्हणजे जवळजवळ सगळा नफाच कचऱ्याच्या गाडीत गेला म्हणायचे.

कमतरता नेमकी कोठे आहे?

कोल्ड स्टोरेज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोट्यवधींची मोठी इमारत उभी राहते आणि आपण विषय सोडून देतो. ही समजूत चुकीची आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्रासाठी २०१५ मध्ये नाबार्डच्या सल्लागार कंपनीने देशभराचा अभ्यास केला. त्यातील आकडे प्रत्येक व्यापाऱ्याने पाहावेत असे आहेत. मोठ्या शीतगृहांची गरज सुमारे ३५१ लाख टनांची आणि उपलब्धता ३१८ लाख टनांची, म्हणजे कमतरता दहा टक्क्यांच्या आसपास. मात्र शेताजवळ माल निवडून, थंड करून भरण्याची पॅकहाउस ७०,०८० हवी असताना होती फक्त २४९. फळे पिकवण्याची चेंबर ९,१३१ हवी होती, होती ८१२. शीतवाहने ६१,८२६ हवी होती, होती सुमारे ९,०००.

या आकड्यांना आता काही वर्षे झाली आणि चित्र काहीसे सुधारले आहे. पण त्यातला धडा जुना झालेला नाही. मोठी इमारत बांधणारे पुष्कळ होते. माल शेतातून निघताना आणि रस्त्यावर असताना त्याला थंड ठेवणारे फार थोडे होते. उन्हात तापलेला माल दुसऱ्या दिवशी शीतगृहात ठेवला तर निम्मे नुकसान आधीच झालेले असते. फळ तोडल्यानंतरही श्वास घेत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचा श्वास दुपटी-तिपटीने वाढतो आणि तितक्याच वेगाने ते म्हातारे होते. आपल्या द्राक्ष बागायतदारांनी हे वेळेवर ओळखले. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही सहकारी संस्थांची भागीदारी उभी राहिली. तोडलेली द्राक्षे काही तासांतच प्रीकूलिंगमध्ये घालायची आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास ठेवायची, ही शिस्त पाळल्यामुळेच नाशिक-सांगलीचा माल जहाजाने युरोपात पोचू लागला. द्राक्ष तेच होते, फक्त ते थंड करण्याची वेळ बदलली.

पैसा कोठे घालावा?

पहिले काम रायपनिंग चेंबरचे, आणि ते आपल्या बागवान बंधूंसाठीच आहे असे आम्ही म्हणतो. केळी आणि आंबा पिकवणे हा आपला जुना हातखंडा. पूर्वी आढी घालत, पुढे कार्बाइडची पुडी आली. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचा अंश असतो. अधिकाऱ्यांची धाड पडते तेव्हा माल जातो आणि इभ्रतही जाते. गिऱ्हाइकाला अपाय करणारी वस्तू विकून आलेली कमाई हलाल कशी म्हणावी, हा प्रश्न वेगळाच. कायद्याने मान्य असलेली पद्धत इथिलीन वायूची आहे. १०० पीपीएमपर्यंतच्या प्रमाणास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये परवानगी दिली. केळीला १६ ते १८ अंशांच्या बंद खोलीत हा वायू देऊन चार-पाच दिवसांत सारखा रंग येतो आणि माल आज हवा की परवा, हे आपल्या हातात राहते. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या सूचनांत चेंबरचा खर्च टनाला एक लाख रुपये धरला होता. आज तो अधिक येईल, पण दहा-वीस टनांपासून सुरुवात करता येते.

दुसरे काम शेताजवळचे. जळगावची केळी, सांगोल्याचे डाळिंब, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरची संत्री; आपण माल यार्डात येण्याची वाट पाहतो. गावातच एखादी शेड, निवडीचे टेबल, प्रीकूलिंगची लहान खोली आणि प्लास्टिक क्रेट असतील तर शेतकरी माल आपल्याकडेच आणील. शेतकऱ्याशी आपले नाते आहेच. त्याला जागेवर वजन आणि रोख पैसा मिळाला तर ते अधिक घट्ट होईल.

तिसरे काम गाडीचे. आपल्यात ड्रायव्हर आणि गाडीमालक पुष्कळ आहेत. पण उघड्या ट्रकवर ताडपत्री टाकून नेलेला माल आणि शीतवाहनातून नेलेला माल यांचा भाव पुढच्या बाजारात एक येत नाही. शीतवाहन घेताना परतीच्या भाड्याचा विचार आधी करावा. जाताना फळे व येताना दूध-लोणी, औषधे किंवा गोठवलेला माल मिळाला तरच गाडी परवडते. रेल्वेवरही लक्ष असावे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल आपल्या देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघाली आणि फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली, तेव्हा तिचा फायदा ज्यांनी आधीच माल बांधून ठेवला होता त्यांनाच झाला.

चौथे काम मोठ्या शीतगृहाचे. ते शेवटी सांगतो आहोत, कारण ते शेवटीच करावे. द्राक्षाचा हंगाम चार महिने आणि हापूसचा दोन-अडीच. बाकीचे महिने रिकाम्या खोलीत यंत्र चालवून कोणी श्रीमंत होत नाही. तासगाव-सांगलीकडची शीतगृहे चालतात ती मुख्यतः बेदाण्यावर, कारण तो वर्षभर राहतो. चिंच, मिरची, गूळ हाही असाच माल. वर्षातून दहा महिने खोली भरेल एवढे जिन्नस ठरल्याशिवाय पाया खोदू नये.

कारागिरांसाठी

हा लेख केवळ गाळेवाल्यांसाठी नाही. शीतसाखळी उभी राहते ती फिटर, वेल्डर, वायरमन आणि बॉडी बांधणारे यांच्या हातांनी. यांपैकी प्रत्येक कामात आपली मुले आहेत. घरोघरचे फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा मुलगा कंप्रेसर ओळखतो. त्याने पुढची पायरी शिकली पाहिजे. पफ पॅनेलच्या खोल्या उभारणे, ट्रकवर उष्णतारोधक बॉडी बसवणे, तापमान-आर्द्रतेची नियंत्रणे लावणे, अमोनियाच्या प्लांटची देखभाल करणे ही कामे त्यात येतात. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ऐन हंगामात कंप्रेसर बंद पडला तर मालक रात्री दोन वाजता माणूस शोधतो आणि तो सांगेल ती मजुरी देतो.

हातगाडीवाल्यासाठीही सोय आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांची दुहेरी भिंत व मधल्या पोकळीत ओली वाळू अशी शून्य ऊर्जा शीतकक्षाची रचना तयार केली. विजेशिवाय, नुसत्या पाण्यावर त्यात सुमारे १०० किलो माल राहतो आणि कोरड्या उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी असते. कोकणच्या दमट हवेत त्याचा तेवढा उपयोग नाही, पण मराठवाडा-सोलापूरकडे नक्की आहे. एखाद्या गवंड्याने मनावर घेतले तर एका दिवसाचे काम.

भांडवलाचा प्रश्न

आता अडचणीचा मुद्दा. फलोत्पादन अभियानाचे शीतगृहासाठीचे ३५ टक्के अनुदान बँक कर्जाला जोडलेले आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत तर सवलतच व्याजात आहे, दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के. आपले अनेक व्यापारी व्याजाचा व्यवहार टाळतात आणि त्यामुळे या योजनांच्या दारातूनच परततात. त्यांच्या भूमिकेचा आम्ही आदर करतो. पण व्याज नको म्हणून हातावर हात ठेवून बसणे हा त्याचा अर्थ होत नाही.

आपल्याकडे भागीदारीचा मार्ग आहे. मुशारकतीत सगळे भांडवल घालतात. मुदारबतीत एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. एका यार्डातील आठ-दहा गाळेवाले एकत्र आले तर वीस टनांचे चेंबर त्यांच्या आवाक्याबाहेर नाही. मग होत का नाही? कारण आपण भागीदारी तोंडी करतो, आणि ती पहिल्या तोट्यालाच मोडते. करार स्टॅम्पपेपरवर व्हावा, नफ्याची वाटणी टक्क्यांत ठरावी, तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जावा, हिशोब दरमहा सर्वांपुढे मांडावा आणि बाहेर पडणाऱ्याचा वाटा कसा काढायचा हे आधीच लिहावे. आपसातला भरवसा मोठा आहे, पण लिहून ठेवल्याने तो कमी होत नाही.

काही इशारे

चालू खर्चात सर्वांत मोठा आकडा विजेचा असतो. जनित्राशिवाय शीतगृह उभारू नये, आणि छतावर सौर पॅनेल बसवता येईल का ते आधीच पाहावे. सगळा माल एका खोलीत कोंबू नये. द्राक्षाला शून्य अंश लागते, संत्र्याला सहा-सात, आंब्या-केळ्याला तेरा-चौदा. केळे त्याखाली गेले की साल काळी पडते. कांद्याचा वास दुसऱ्या फळांना लागतो. अमोनियाची गळती जीवघेणी असते, तेव्हा सुरक्षेच्या खर्चात काटकसर करू नये. दुसऱ्याचा ठेवलेला माल ही अमानत आहे. त्याची पावती द्यावी, वजन चोख असावे आणि विमा काढावा.

आणि शेवटचा इशारा मनाचा. माल टिकवणे आणि माल दडवणे यांत फरक आहे. बाजारात माल असताना तो वाचवून ठेवणे हा व्यापार. लोक अडलेले असताना कोठारे बंद ठेवून भाव वाढवणे ही साठेबाजी, आणि ती आपल्याला मना आहे. शीतगृहाची किल्ली हाती आली की हा मोह होतोच.

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. तेव्हापासून मोठ्या कंपन्या, मॉलवाले आणि घरपोच माल देणारे थेट शेतावर पोचत आहेत. त्यांच्याकडे आपल्यासारखी नजर नाही, पण थंड खोली आणि थंड गाडी आहे. शेतकरी तोच राहील, खाणारेही तेच राहतील. मधली जागा कोणाची, एवढेच ठरायचे आहे. आपल्या यार्डातल्या शेजारच्या गाळेवाल्याशी या आठवड्यात एकदा या विषयावर बसावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे. येणाऱ्या उन्हाळ्याआधी वीस टनांची एक खोली उभी राहिली तरी हे लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.